वायर माझ्या हातात होती

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेडला शिकवतो. सर्किट पूर्ण नसेल तर दिवा लागत नाही, हे पहिल्याच आठवड्यात पोरांच्या डोक्यात घालणारा माणूस मी. या सदरातले अनुभव वाचून बायकोला म्हणायचो, "अगं, ह्यांचं अर्थिंग बघा म्हणावं आधी." आज मीच लिहायला बसलोय... हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

दोन हजार तीन-चारचा सुमार. आमचं घर कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या बाजूच्या नव्या वसाहतीत. घरात मी, बायको महानंदा आणि माझी आई. त्या दिवाळीला मी होम थिएटर घेतलं होतं. रिसिव्हर, पाच स्पीकर आणि खाली ठेवायचा तो एक जाडा डबा. आईचं मत, "एवढ्या पैशात म्हस आली असती. तिनं दूध तरी दिलं असतं."

खरं म्हणजे ते मी महानंदासाठीच घेतलं होतं, आणि त्याला कारण होती आमच्या लग्नाची कॅसेट.

आमचं लग्न जमवून नव्हे, जुळवून झालं. म्हणजे आम्हीच जुळवलं. आम्ही मराठा, ते लिंगायत, गडहिंग्लजच्या पलीकडं कर्नाटकाच्या हद्दीला लागून गाव. घरात कन्नड, दुकानात मराठी. तिचे वडील, त्यांना सगळे अप्पा म्हणत, किराणा दुकानदार. सहा फूट उंच, कपाळाला भस्माचे पट्टे आणि बोलणं मोजकं. नाही-होय करत त्यांनी लग्न लावून दिलं, पण चेहरा शेवटपर्यंत तसाच ताठ. पाठवणीच्या वेळी ते गाडीजवळ आले, खिडकीत वाकले आणि महानंदाला काहीतरी बोलले. नेमका तेव्हाच बँडवाल्यांना चेव चढला होता. तिला काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. चेहरा तेवढा दिसला, आणि त्यावरून तिनं धरलं की अप्पा म्हणाले, पुन्हा दारात येऊ नको.

ती गेली नाही. तेही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी तिला न्यायला मुराळी म्हणून तिचा भाऊ आला आणि रीत उरकून एकटाच गेला. वर्षाच्या आतच अप्पा दुकानातच हार्ट अटॅकनं गेले. ते बोलणं काय होतं, हा प्रश्न स्वतःच्या आईलाही विचारायची महानंदाची छाती झाली नाही. उत्तर जर तेच निघालं असतं तर?

आता तुम्ही म्हणाल, कॅसेटमध्ये असेल की. तिथंच तर घोडं पेंड खातं. आमच्याकडं त्या काळी लग्नाचं शूटिंग म्हणजे वरून सिनेमाची गाणी टाकायची, खरा आवाज सगळा पुसून. अक्षतांना एक गाणं, पंगतीला एक, पाठवणीला रडकं एक. अप्पांचे ओठ हलताना दिसायचे आणि ऐकू यायची कुणातरी गायिकेची तान. महानंदानं तो तुकडा इतक्या वेळा मागं-पुढं केला की टेप तिथं घासून पांढरी पडली. म्हणून मी कॅसेटची सीडी करून आणली. माझ्या मनात एक वेडी आशा होती... चांगल्या सिस्टिमवर, स्पीकर वेगळे केल्यावर, गाण्याखाली दबलेलं काहीतरी ऐकू येईल.

रविवार होता, सकाळची अकराची वेळ. कारखान्याचा सीझन सुरू, मळीचा वास घरभर. मी स्पीकर लावले, दोन टीव्हीच्या बाजूला, एक मध्ये, दोन मागच्या भिंतीवर. सीडी प्लेअर टीव्हीच्या वर ठेवला. त्याची पिवळी वायर टीव्हीला जोडली, ती फक्त चित्राची. आवाजाची लाल-पांढरी वायर प्लेअरमधून खाली शोकेसमधल्या रिसिव्हरला न्यायची, तर ती हातभर कमी पडली. कंपनीवाले वायर देताना जीव सोडतात. मी ती प्लेअरमधूनही उपसली आणि दोन्ही टोकं हातात धरून उभा राहिलो. "उद्या शाहूपुरीतून लांब वायर आणतो," म्हणालो.

महानंदानं सीडी तोवर सुरू केली होती. "चित्र तर बघू या," म्हणाली. टीव्हीचा आवाज शून्यावर. रिसिव्हर चालू होता, पण त्याला स्पीकर सोडून काहीच जोडलेलं नव्हतं. त्यातल्या रेडिओची एरियलसुद्धा खोक्यातच होती. आई दारात बसून शेंगा फोडत होती.

पाठवणी आली. गाडी, खिडकी, अप्पा वाकले.

आणि मागच्या भिंतीवरून बँड वाजला.

गाणं नव्हे. बँड. आमच्या लग्नातला. त्यातला क्लॅरिनेटवाला पट्टी सोडून वाजवत होता, त्यावरून मी वरातीत मित्रांशी हसलो होतो, तोच बेसूर. मग बँड दूर जावा तसा बारीक झाला आणि एक जाड, दमलेला पुरुषी आवाज आला. ओठांबरोबर. एकेक अक्षर ओठांबरोबर.

"अळब्याड अव्वा... निन्न मनिगे ना बर्तीनि."

अप्पा सरळ झाले, गाडी हलली, आवाज बंद.

मी हातातल्या वायरकडं बघितलं. लाल टोक, पांढरं टोक, पुन्हा लाल, पुन्हा पांढरं. चारही टोकं मोकळी, माझ्या मुठीत. मी सरळ जाऊन बोर्डावरून रिसिव्हरचा प्लग उपसला. काय सुचून, ते विचारू नका.

महानंदा खाली फरशीवर बसली होती. पांढरीफटक. "अहो, तुम्हालाबी ऐकू आलं न्हवं?" तिनं विचारलं.

मला कन्नड येत नाही. 'ऊटा' म्हणजे जेवण, एवढीच माझी मजल. मी ते शब्द कानात राहिले होते तसे म्हणून दाखवले. ती तोंडावर हात ठेवून रडायला लागली. माझ्या कल्पनेतून मला न येणारी भाषा कशी निघेल, याचं उत्तर मला आजही द्यावं कुणीतरी.

"काय म्हणालं ते?" आईनं विचारलं. शेंगा तशाच हातात.

"रडू नको बाळ, म्हणाले," महानंदा म्हणाली. "तुझ्या घराला मी येतो म्हणाले, आत्ती."

आईनं हातातल्या शेंगा न फोडताच खाली ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी लांब वायर आणली, रीतसर जोडली, सीडी लावली. गाणं. पाचही स्पीकरमधून तेच रडकं गाणं. उजवा चॅनल वेगळा, डावा वेगळा, सगळं करून बघितलं. मूळ कॅसेटही मित्राच्या व्हीसीआरवर लावली. गाणं. शेवटी शूटिंगवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "सायेब, माईक चालूच न्हवता की त्या दिवशी. वरनं गाणी टाकायची हुती, मग माईक कशाला लावतोय मी?"

रेडिओ पकडला असेल, स्पीकरच्या वायरीनं एरियलचं काम केलं असेल, असं आमच्या एका सरांनी सांगितलं. मीही पोरांना तेच सांगितलं असतं. पण रेडिओवर माझ्या लग्नातला बेसूर क्लॅरिनेट कोण लावणार?

आठवडाभर महानंदा फोनभोवती घुटमळत होती. पुढच्या रविवारी तिनं तिच्या आईला गावी फोन लावला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं, अप्पा माझ्या घराला का आले नाहीत? मी शेजारीच होतो, माझी आई स्वयंपाकघराच्या दारात. पलीकडून बराच वेळ कन्नड ऐकू येत होतं. महानंदानं फोन ठेवला आणि आमच्याकडं न बघता सांगितलं.

अप्पा दोनदा निघाले होते. नवं धोतर, साडी-नारळ पिशवीत घालून, गडहिंग्लजच्या एसटी स्टँडपर्यंत. दोन्ही वेळा तिथूनच माघारी. म्हणाले, "मुलीच्या सासरी बोलावल्याशिवाय कसं जायचं? निरोप येऊ दे."

निरोप गेलाच नव्हता. कारण आमच्या घरात माझी आई म्हणत होती, "आपण पोराकडचं. त्यांनी पुढं यावं, आपण कशाला बोलवायचं?" हे वाक्य मी स्वतः कितीदा ऐकलं होतं. महानंदानंही ऐकलं असणार.

आई आत गेली. मला वाटलं, आता डोक्याला पदर गुंडाळून पडून राहणार. ती बाहेर आली ती एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्या हातात वाटीत गुळाचा खडा घेऊन. व्याही-पाहुणा दारी आला की देतात तसा. मला ओलांडून ती दारात गेली, तांब्या-वाटी उंबऱ्याशी ठेवली, डोक्यावरचा पदर सारखा केला. बाहेर भर उन्हात रस्ता मोकळा होता.

"या इवाई," ती म्हणाली. "बोलवायचं ऱ्हाऊन गेलं माझ्याकडनं."

महानंदा मागून आली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. तांब्या संध्याकाळपर्यंत तिथंच होता, कुणी हलवला नाही, कशानं कलंडला नाही. तसलं काही घडलं असतं तर तेही लिहिलं असतं.

आई आता नाही. होम थिएटर कधीच भंगारात गेलं. ती आखूड लाल-पांढरी वायर तेवढी माझ्या कपाटात आहे. दरवर्षी नव्या बॅचला सर्किट शिकवताना मी सांगतो, जोडणी नसेल तर आवाज येत नाही. सांगावंच लागतं, परीक्षेत तेच येतं. मात्र ते सांगताना माझी मूठ आपोआप मिटते. येतो म्हणाले होते, आणि वायर माझ्या हातात होती.