परवा म्हणजे कधी

पडद्यावर तारीख कशी दिसावी, हे ठरवून मी पोट भरते. हसू नका. लोकांना वाटतं, तारीख ती तारीख, त्यात ठरवायचं काय? पण ५/६ हे आपल्याला पाच जून, आणि कुठूनतरी उचललेल्या तयार कोडला सहा मे. एएम म्हणजे सकाळ, असं धरून मोकळे होणारे महाभाग मी पाहिलेत. रात्री साडेबाराला ते 'सकाळी १२:३०' छापतात आणि वर मलाच विचारतात, चुकलं कुठे. शहाद्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत बसून असल्या गोष्टींवरून मी पुण्याच्या ऑफिसशी भांडत असते. भांडखोर म्हणून माझं नाव झालंय तिथे, आणि ते फुकटात झालेलं नाही.

आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवतो. रुग्णाची वेळ ठरली की त्याच्या फोनवर आपोआप मेसेज जातो. एके दिवशी आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं की तारीख फार रुक्ष वाटते. सॉफ्टवेअर कसं माणसासारखं बोललं पाहिजे. 'आज', 'उद्या', 'परवा' म्हणायचं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी म्हटलं, सर, मराठीतला परवा दोन्हीकडे धावतो. परवा पाहुणे आले होते, परवा पाहुणे येणार आहेत, शब्द एकच. त्यावर तोडगा निघाला की वाक्याच्या शेवटी 'होणार आहे' लिहू, म्हणजे झालं. झालं कसलं? मी पुन्हा तोंड उघडलं. पडद्यावरचा 'परवा' रोज बदलेल, पण मेसेजमधला तसाच राहतो. वाचणारा तो वाचल्या दिवसापासूनच मोजणार. शब्दाच्या शेजारी तारीख लिहा, माझं काही म्हणणं नाही.

साहेब हसले. "आजच्या जमान्यात मेसेज पोचायला दोन दिवस लागतात का?"

"सर, आमच्याकडे लागतात."

सगळे हसले. मी विनोद केला असं त्यांना वाटलं. मेसेज तसाच गेला.

माझी माय शिक्षिका. मणिबेलीच्या पुढे, नर्मदेच्या पाण्याकाठी तिची शाळा. गावात फोनला रेंज नाही. शाळेमागच्या टेकाडावर चढलं की एखादी काडी दिसते, ती पण वाऱ्याच्या मर्जीवर. सुट्टीला घरी आली की सांगायची, फोन तिथे फक्त उजेडाला कामाचा. घरी आम्ही दोघीच. वडील मी लहान असतानाच गेले.

त्या वर्षी तिच्या डाव्या डोळ्यापुढे ठिणग्या उडायला लागल्या, मग कडेने काळी सावली. मी तिला ओढतच नंदुरबारच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, तिथेही आमचंच सॉफ्टवेअर चालतं. आतला पडदा कडेने सुटतोय, डॉक्टर म्हणाले. मधला भाग अजून शाबूत आहे, तोवर ऑपरेशन झालं तर डोळा वाचेल. ते करणारे सर्जन सुरतहून येतात. त्यांचा दिवस ठरला की मेसेज येईल. तोवर धक्के नकोत, ओझं नको. मेसेजसाठी तिने आपलाच नंबर दिला. मग म्हणाली, शाळेचा चार्ज देऊन येते, पोरांना असंच टाकून कशी राहू. मी पायऱ्यांवरच भांडले. पण माय माझ्याहून हट्टी, मी कुणावर गेलेय ते सांगायला नको. ती गेली.

दुसऱ्या दिवसापासून मी फोन लावायला लागले. तिचा फोन लागत नव्हता. दवाखान्यात फोन केला की एकच उत्तर, रुग्णाला मेसेज जाईल. गुरुवारी दुपारी तिचाच फोन आला. चढून दम लागला होता, पण आवाजात आनंद होता.

"बेटा, मेसेज वना. परवाले बलायेल शे."

"तारीख काय आहे?"

"तारीख नही. परवा लिखेल शे."

कधी आला मेसेज, मी विचारलं. आत्ताच वाजला, ती म्हणाली, टेकाडावर आल्या आल्या. म्हणजे शनिवार ना? कसं भेटायचं, कुठे थांबायचं, कोणतं लुगडं आणू, सगळं ती सांगत होती. मी तिला थांबवलं आणि म्हटलं, तू जागची हलू नकोस, मी लगेच करते. पुण्याच्या एका सहकाऱ्याला फोन लावला. हा मेसेज सुटला कधी ते बघ, आत्ताच्या आत्ता. त्याने बघितलं. मंगळवारी, तो म्हणाला. मंगळवारचा परवा म्हणजे आज. वेळ सकाळची.

त्या क्षणी मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. माझी जीभ खानदेशी आहे. पण शिव्या देऊन काय होणार होतं? मायला फोन केला, आजच आहे, निघ, अशीच निघ. ती म्हणाली, पण परवा लिहिलंय ना. तिला समजावत बसायला वेळ नव्हता. मी ओरडले. आजारी आईवर ओरडले.

दवाखान्यातल्या काउंटरवरची मुलगी भली होती. रुग्ण आले नाहीत म्हणून पुढच्याला घेतलं, पण सर संध्याकाळपर्यंत आहेत, ती म्हणाली. मी तिला हात जोडले, फोनवर कुणाला दिसतात जोडलेले हात? त्यांना थांबवून ठेवा, पाया पडते तुमच्या, एवढंच म्हणत राहिले. मग गाडी ठरवून तळोद्यावरून अक्कलकुव्याला जाऊन उभी राहिले. पुढे डोंगर, फोन लागत नाही, वाट बघण्यावाचून काही हातात नाही. तिच्या गावातून निघायला आधी बोट, मग जीप, आणि बोट भरल्याशिवाय निघत नाही, हे मला माहीत होतं. मनातल्या मनात मी त्या बोटीत माणसं बसवत होते. देवाला सांगत होते की आज बाजाराचा दिवस असू दे, गर्दी असू दे. चहावाल्याने दोनदा विचारलं, ताई, बरं वाटतंय ना. मी त्याच्यावरही खेकसले.

ऊन कलल्यावर जीप आली. माय पुढच्या सीटवर होती, मान खाली, दोन्ही हातांनी कपाळ धरून. डोंगरातल्या त्या रस्त्यावर धक्के बसू नयेत म्हणून एवढा वेळ ती तशी बसली होती. उतरली तेव्हा मला शोधायला तिने मान पूर्ण वळवली. मी तिच्या डाव्या हाताला, अगदी शेजारी उभी होते.

मोलगीचा घाट उतरताना सावली खाली आली, तिने गाडीत सांगितलं. आधी कडेला होती, मग मधोमध. सांगताना ती माझीच समजूत काढत होती, की होईल गं नीट, पोचतोय ना आता. मी ड्रायव्हरला म्हणत होते हळू चालव, आणि लगेच म्हणत होते जोरात चालव. त्याने करावं तरी काय?

आम्ही पोचलो तेव्हा सर्जनची गाडी निघून गेली होती. त्यांनी जमेल तेवढी वाट पाहिली होती, त्यांना दोष देत नाही. आम्ही तसेच सुरतला गेलो. ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मधला भाग गेला. पडदा चिकटवला आहे, पण नजर येणार नाही. घाट उतरायच्या आधी टेबलावर असत्या तर, असं म्हणून त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं. ते अर्धं वाक्य मी अजून रोज पुरं करते.

मी तिथेच कॉरिडॉरमध्ये असताना साहेबांचा फोन आला, त्या सहकाऱ्याने त्यांना सांगितलं होतं. फार वाईट वाटलं म्हणाले, पुढच्या अपडेटमध्ये शब्दासोबत तारीख टाकतोय म्हणाले, हे तूच बघशील ना, असंही विचारलं. मी फोन बंद केला आणि मायच्या खोलीकडे गेले. त्यांच्याशी भांडले नाही, पहिल्यांदाच.

मायला कुणी काही सांगितलं नव्हतं. पट्टी निघाली तरी डाव्या डोळ्यापुढे अंधारच. डॉक्टर यायचे, टॉर्च मारायचे, बघू म्हणायचे. नर्स म्हणायची, हळूहळू होईल. मीही म्हणायचे, हो, थोडा वेळ लागतो. तिसऱ्यांदा डॉक्टर बघू म्हणून गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं. मी उजवीकडे जाऊन बसले.

"हाई बघू म्हंजे कधय?" तिने विचारलं. "तू तारखांचंच काम करस ना? माले खरं सांग."

माझ्या तोंडात 'हळूहळू' हा शब्द तयार होता. तो मी गिळला.

"माय, त्या डोळ्याने दिसणार नाही."

"कधयलोंग?"

"कधीच नाही."

तिने उजवा डोळा मिटला. डावा तेवढा उघडा ठेवला. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "हां. हाई समजनं माले."