छक्कीपुढं लावलेली मिशी

पत्ते खेळायला अक्कल लागते म्हणतात. आमच्या कपाळपत्तीला ती लागत नव्हती, म्हणून तर मी त्यात तरबेज होतो.

उचगावच्या शिवारात दिवाळीनंतर गुऱ्हाळ लागलं की रस आटेपर्यंत आम्ही तिघं सोबती खेळत बसायचो. एक गुऱ्हाळवाला, एक न्हावी आणि मी. प्रत्येकाला एकच पान पालथं वाटायचं. ते न बघता, काकवीचं बोट लावून, समोरच्याला दिसेल असं कपाळाला चिकटवायचं. म्हणजे दुसऱ्यांची पानं आपल्याला दिसतात, आपलं तेवढं दिसत न्हाय. दुर्री सगळ्यांत हलकी, एक्का भारी. आपलं पान हलकं वाटलं तर काढून टाकायचं, न्हायतर डाव वाढवायचा. डावाला भुईमुगाच्या शेंगा. दुसऱ्याचं पान बघून हसायचं न्हाय, एवढाच कडक नियम. कपाळावर मुंगळे चढायचे ते वेगळंच.

त्या दिवशी न्हाव्याच्या कपाळावर छक्की होती. गुऱ्हाळवाल्यानं माझ्याकडं एकदा बघितलं, सुस्कारा टाकला आणि आपलं पान काढलं. न्हावी तर मान खाली घालून वस्तऱ्या-कातरीच्या धोपटीशी चाळा करत बसलेला. मी म्हटलं, आपल्या कपाळी राजाच आहे! होत्या तेवढ्या शेंगा मी डावाला लावल्या. न्हाव्यानंही लावल्या. माझ्या संपल्यावर तो हळूच म्हणाला, "मिशी लाव की. हरलो तर वर्षभर तुझी हजामत फुकट."

आता आमच्याकडं बाप गेल्याशिवाय कुणी मिशी उतरवत न्हाय. बाप धडधाकट असताना बोडक्या ओठानं फिरायचं म्हणजे त्याला जितेपणी तिरडीवर चढवणं. त्यात आमच्या आप्पांचा हात लई जड. पण छक्कीला हरायला माणूस किती करंटा असावा लागतो? लावली.

कपाळाचं पान सोलून बघितलं तर दुर्री. गुऱ्हाळवाला पोट धरून रसाच्या काहिलीच्या कडेला लोळला. न्हाव्यानं वस्तरा काढला आणि दीड वर्षाची कमाई दोन हातांत साफ केली.

रुमालाचं टोक तोंडावर धरून मी घराकडं निघालो. पाणंदीत वाऱ्यानं ते उडालं आणि शेजारची म्हातारी आक्का समोर. तिनं ओठ बघितला आणि हंबरडाच फोडला. लाजेनं माझी वाचा गेली, तिला वाटलं दुःखानं गेली. मी सावरेपर्यंत ती रडत आमच्या दारात पोचलीसुद्धा.

दारात आप्पा शेंगा फोडत बसलते. त्यांनी काळजीनं विचारलं, कोण गेलं? तिचं रडणं एकदम थांबलं. त्यांच्याकडं बोट करून ती भिंतीला टेकली. मग आप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी खरंच मेल्याहून मेल्यासारखा झालो. सगळं खरं सांगून टाकलं आणि गाल पुढं करून उभा राहिलो.

हात काही उठला न्हाय. आप्पांनी सावकाश एक शेंग फोडली.

"त्याच्याकडं काय हुतं?"

"छक्की."

"आणि तुझ्याकडं?"

"दुर्री."

दाणे तोंडात टाकून ते बराच वेळ चावत राहिले.

"बापाला मारायचंच हुतं," ते म्हणाले, "तर निदान राजापुढं तरी मारायचास की रं. छक्कीपुढं मारलास?"