आईच्या वडिलांची बहीण

सावेडीतल्या अभ्यासिकेत कोणी कोणाशी बोलत नाही. बोललं की लगेच भिंतीवरच्या सूचनेकडे बोट दाखवतात. बाकीचे सगळे पोलीस भरतीच्या नाहीतर तलाठ्याच्या मागे. सैन्यातल्या अधिकाऱ्याच्या परीक्षेचं पुस्तक घेऊन बसलेली मी एकटीच. दुपारी जिन्यात उभं राहून डबा खायचा आणि परत खुर्चीत. दिवसभरात माझा आवाज निघायचा तो फक्त मेसवाल्या मावशींना 'आज भात नको' सांगताना. गावाकडे रानात शेळ्यांमागे फिरतानाही मला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

वयात बसणारी ही शेवटची संधी होती. नाही झालं तर आत्याच्या मुलाशी लग्न, हे घरात ठरल्यातच जमा. मुलगा नागापूरला कंपनीत, शांत, निर्व्यसनी. वाईट असता तर भांडता तरी आलं असतं! आणि आत्यावर तर माझा भारी जीव. लहानपणी माझे केस तीच विंचरायची, आणि मी तिच्या घरी येणार हे तेव्हापासूनच धरून चालली होती.

सराव प्रश्नांतली गणितं जमायची, आकृत्या जमायच्या. नात्यांच्या कोड्यांत मात्र मार खायचे. त्या दिवशी प्रश्न होता, आईच्या वडिलांची बहीण तुमची कोण? मी जराही न थांबता 'वडिलांची आई' या पर्यायावर खूण केली. पुस्तक म्हणे चूक. अशी चिडले मी! आमच्या घरी तीच तर आहे. आईची आत्या हीच आईची सासू. आई जशी आत्याच्या घरात आली, तशीच मीही जाणार होते. मग लक्षात आलं, मला दुसरं उत्तर सुचलंच नव्हतं.

जिन्यात जाऊन आईला फोन लावला. वाटलं, ऐकून हसेल. ती हसली नाही. माझी आत्या सकाळीच येऊन परीक्षा कधी संपणार ते विचारून गेली, एवढंच सांगितलं. मी फोन ठेवणार तेवढ्यात म्हणाली, "पुस्तकात हाय तेच लिही. आपल्या घरातलं लिहू नको."

परीक्षेत तो प्रश्न काही आला नाही. दुसरे आले, ते मी परक्यांची भाऊबंदकी सोडवावी तसे कोरडेपणानं सोडवले. लेखी झाली, पुढच्या मुलाखतीही निभावल्या, आणि शेवटी यादीत नाव लागलं. आई फोनवर रडली.

मग आत्याला लावला. माझं काही चांगलं झालं की आईच्या आधी तिला कळायचं, आजवर असंच होतं. फोन आतेभावानं उचलला, मनापासून अभिनंदन केलं. आत्याला दे म्हटलं.

"हितंच बसलीय," तो म्हणाला.

मी बराच वेळ फोन कानाला लावून जिन्यात उभी राहिले. तिनं फोन हातात घेतलाच नाही.