तंजावूरला क्लच निवडताना

तंजावूरला लोक देऊळ आणि राजवाडा पाहायला जातात. मी तेथे दोन दिवस गियरबॉक्सच्या दांड्यावरचे दाते मोजले. देवळाचे शिखर गॅरेजच्या पत्र्यावरून दिसत होते. तेवढ्यावर समाधान मानले.

पुण्याहून आम्ही माझ्या जुन्या जीपने निघालो. आम्ही म्हणजे मी आणि पत्नी विमल. जीपचे मूळ पेट्रोल इंजिन काढून अकरा वर्षांपूर्वी मी तिच्यात दुसऱ्या गाडीचे टर्बो डिझेल इंजिन बसवून घेतले. टर्बोचा दाब वाढवला. ती ताकद पेलावी म्हणून क्लचला जाड स्प्रिंगा घातल्या. ही माहिती मी वाटेतल्या प्रत्येक पेट्रोल पंपावर दिली. कोणी विचारलेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी तंजावूर गाठले. चौथ्या दिवशी सकाळी कुंभकोणमला जाताना पापनाशमच्या रेल्वे फाटकापाशी रांग लागली. दोन्ही बाजूंना भाताची हिरवी खाचरे होती. रांग इंचाइंचाने सरकत होती. जळका वास आला. पुढच्या बसकडे पाहून मी नापसंती दर्शवली. फाटक उघडले, बस गेली, आमचे इंजिन गरजले आणि जीप जागच्या जागी राहिली. वास आमचाच होता.

एका ट्रॅक्टरने ओढत परत तंजावूरला आणले. विमलने मुलीला फोन करून खरे ते सांगितले. मी सांगितले नसते. मुलीचा निर्णय तयार होता: जीप ट्रकवर चढवा, तुम्ही दोघे रेल्वेने या, आणि घरी आली की ती विकून टाकू.

"दोन दिवस थांब," मी म्हणालो. "मी ती चालवत आणीन."

"आणलीत तर राहू दे," मुलगी म्हणाली. तिला खात्री होती.

गॅरेजचा मालक सेतुराव. पन्नाशीचा, पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरचा मराठी. पाटी तमिळमध्ये, देवनागरी त्याला वाचता येत नव्हती. बोलणे मात्र मराठी, तमिळ हेलाचे.

"तुमचं मराठी फार वेगी (लवकर) धावतं, सार. जरा मंद सोडा." मग जीपकडे पाहून, "उघडायच्या आधी तुम्हालाच पाहू. चप्पल काढून आत बसा. क्लच तळापर्यंत दाबा. माझी कापी (कॉफी) संपेपर्यंत सोडू नका."

"काहाला?" मी विचारले. हा त्याचाच शब्द (कशाला). आल्यापासून तीनदा ऐकला होता.

"शिंपी माप घेतो ना? तसं."

त्याने पितळी पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात कॉफी ओतली. तिसऱ्या घोटाला माझा गुडघा थरथरू लागला. पाचव्याला पेडल अर्ध्यावर आले. त्यानंतर तो मुद्दाम सावकाश प्यायला, असे माझे मत आहे.

दुपारी त्याने क्लच उतरवून जळालेली प्लेट माझ्या हातात ठेवली.

"हिचा दोष नाही, सार. या जाड स्प्रिंगांपुढं तुमचा पाय अर्धाच उतरतो. अर्ध्या क्लचवर गाडी सरकवली की प्लेट घासते. फाटकापाशी तुम्ही हिला भाजून काढलंत."

पुण्यात हे इंजिन बसवणाऱ्या मित्राला मी फोन लावला. त्याने धातूच्या टिकल्यांची प्लेट घालायला सांगितली. शर्यतीच्या गाड्यांत ती असते, असे त्याचे म्हणणे. सेतुरावाने ऐकले आणि मान हलवली.

"ती एकदम पकडते. गाडी उडी मारील. शर्यतीत रेल्वे फाटक नसतं, सार."

"मग जीपचा मूळचा हलका क्लच?"

"या इंजिनापुढं तो घसरेल. महिनाभर टिकला तर देवाची कृपा." त्याने फळीवरून दोन खोकी काढली. "इंजिन ज्या गाडीचं, त्या गाडीचा साधा क्लच घ्यायचा. आकार इंजिनाच्या फ्लायव्हीलला बसतो. मधला गाभा मात्र तुमच्या गियरबॉक्सच्या दात्यांचा हवा. तो मी बदलून देतो. दाते मोजा. पायाला हलका जाईल. पण वाढवलेला दाब त्याला सोसणार नाही. टर्बो मूळच्या दाबावर आणावा लागेल."

म्हणजे अकरा वर्षांची ताकद काढून ठेवायची. मी दाते मोजले. मग पुन्हा मोजले.

जेवण त्याच्या घरून आले: पुळियोदरै (चिंचेचा भात) आणि डांगर पचडी (उडदाच्या पिठाचे दह्यातले तोंडीलावणे). विमलने दोनदा वाढून घेतले. मी विचार करत होतो.

"गाडी आणखी कोण चालवतं?" सेतुरावाने विचारले.

"कोणी नाही."

"मी चालवत असे," विमल म्हणाली. "ते पेडल मला दाबवेना, म्हणून सोडलं."

"हे तू कधी बोलली नाहीस."

"बोलले. तेव्हा तुम्ही इंजिन ऐकत होता."

सेतुराव हसला नाही. त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. अंगणात साध्या क्लचची एक गाडी उभी होती. "अम्मा, चप्पल काढा," एवढेच म्हणून त्याने नवी कॉफी ओतून घेतली. विमलने पेडल तळाला नेले. कॉफी संपली. पेडल तळालाच होते.

"साधा घाला," मी म्हणालो. "दाब उतरवा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओरत्तनाडूच्या रस्त्यावर चाचणी घेतली. क्लच लोण्यासारखा उतरत होता. एका दुधाच्या टेम्पोने आम्हांला मागे टाकले.

"लागलं का?" मागच्या बाकावरून सेतुरावाने विचारले.

"गुडघ्याला नाही," मी म्हणालो.

परतीचा प्रवास तीन दिवसांचा. पेट्रोल पंपांवर मी काही सांगितले नाही. साताऱ्यापर्यंत जीप मीच आणली. तेथे रस्त्याच्या कामामुळे तासभर रांगेत गेला. मी प्रत्येक वेळी क्लच तळापर्यंत दाबला, आणि शेवटी हलक्या क्लचनेही गुडघा दुखू लागला. अर्ध्यावर ठेवणे सोपे होते. मी गाडी बाजूला घेतली.

"परवाना असता तर तुला दिली असती," मी म्हणालो.

विमलने पर्समधून परवाना काढला. मुदत संपलेली नव्हती. मुदत सरली की ती दर वेळी तो वाढवून घेत आली होती.

खंबाटकीच्या बोगद्याआधीचा चढ तिने दुसऱ्या गियरमध्ये चढवला. मी असतो तर तिसरा घातला असता. जीप विकण्याची गोष्ट त्या चढावर संपली. पण जीप राखली कोणी, याचे उत्तर मला अवघड जाते. इंजिनाच्या ताकदीबद्दल मी अकरा वर्षे बोलत होतो. त्या ताकदीने गाडीतून कोणाला उतरवले, ते मी पाहिले नव्हते.

पुण्यात मुलगी फाटकात उभी होती. स्टिअरिंगमागे आई पाहून तिने तोंडावर हात ठेवला. मी उतरायला गेलो. डावे दार आतून उघडेना.

"वर उचलून ढकलायचं," विमल म्हणाली.

"केव्हापासून?"

"इंजिन बदललंत तेव्हापासून."

मी दार उचलले आणि ढकलले.