उघड्या हाताचं माप

वेंडेल ऑस्टबी वाईट माणूस होता असं कुणी म्हणालं तर मी आजही भांडायला उठेन. पण तो चांगला होता असं म्हणायला गेलो की जीभ अडते. ग्रेडीच्या दुकानात आम्ही दोघांनी एकाच काउंटरमागे एकोणीस वर्षं काढली. तो पिस्तुलं दाखवायचा; मी काडतुसं, मासे धरायचे गळ आणि हातमोजे विकायचो.

आमचं टॅमरॅक फोर्क मोंटानात अगदी डोंगराच्या अंगाला लागून आहे. इथे मोठ्या गोळीचं पिस्तूल लागतं ते अस्वलासाठी. शिकार केलेलं एल्क, म्हणजे इथलं घोड्याएवढं हरीण, सोलताना रायफल कुठेतरी झाडाला टेकवलेली असते, आणि अस्वल काही निरोप धाडून येत नाही. गोळीचा आवाज म्हणजे त्याच्या लेखी जेवणाची घंटा. म्हणून छातीवरच्या पट्ट्यात पिस्तूल. हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. पण ते निवडायचं कसं, हे त्यांच्या बापांनाही कळत नाही. जो तो सगळ्यात दांडगं मागतो.

बर्ल किमेल नावाचा गुरंवाला होता. रेड्यासारखा माणूस. आला की काउंटरवर थाप मारायचा.

"वेंडेल, ते पन्नास कॅलिबरचं धूड काढ बाहेर."

"ते तुझ्या हाताचं नाही, बर्ल. तुझी बोटं आखूड आहेत."

"आखूड? अरे, या हातांनी मी बैल आडवे करतो!"

"बैल आडवा करायला तळवा लागतो. चाप ओढायला बोट लागतं. शेजाऱ्याला दाखवायला हवं असेल तर ने बापडा. अस्वलाला दाखवायचं असेल तर गप बस आणि हात पुढे कर."

आणि बर्ल, जो आपल्या बायकोचंही ऐकत नसे, तो निमूट हात पुढे करायचा.

वेंडेल आधी तो हात हातात घ्यायचा, नुसता. वैद्याने नाडी धरावी तसा, डोळे दुसरीकडेच. मग खाटकाकडचा तपकिरी कागद पसरून त्यावर तळवा ठेवायला लावायचा आणि पेन्सिलीने कडा गिरवायचा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी, तिथपासून बोटाच्या पहिल्या पेरापर्यंतची लांबी, मुठीचा घेर. नाव टाकून तो कागद खणात ठेवायचा. अर्ध्या गावाचे हात त्या खणात पडून होते. त्यातले कित्येक मालक तोवर देवाघरी गेले होते, पण वेंडेल कागद टाकून द्यायचा नाही.

मग तीस पिस्तुलांमधून दोनच काढायचा. रिकामं आहे हे उघडून दाखवायचा आणि म्हणायचा, "डोळे मीट. आता भिंतीवरच्या त्या एल्कच्या मुंडक्यावर रोख. उघड डोळे." नळीच्या टोकाची माशी आणि मागची खाच सरळ रेषेत दिसली तर पिस्तूल हाताचं. मनगट वळवून रेषेत आणावं लागलं तर परक्याचं. "घाबरलेला माणूस नेम धरत नाही," तो म्हणायचा, "तो नुसता हात उचलतो. म्हणून हात उचलला की नेम लागलेलाच हवा." हे त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्याने दिलेल्या पिस्तुलाने जीव वाचलेली तीन माणसं मला माहीत आहेत.

त्याचा एकच हट्ट होता. हात उघडा हवा. कुणी हातमोजा घालून बघू लागलं की त्याचा पारा चढायचा. "मोजा आज हा, उद्या तो. हात जन्माचा आहे. वेळ आली की मोजा काढून फेकायचा!" असं तो कुठे उभा राहून म्हणायचा? पाठीमागे ऑक्टोबर ते मे धडाडून पेटलेली लाकडाची शेगडी असायची. ऐन हिवाळ्यात डोंगर चढून त्याला पंचवीस वर्षं झाली असतील. गुडघे गेले होते. पण त्याला हे सांगणार कोण? ज्याच्याकडे अख्खं गाव हात पुढे करतं, त्याला कुणी शिकवत नाही.

मार्ला त्याची एकुलती एक. आई लवकर गेली, बापानेच वाढवली. दर वाढदिवसाला तो तिचा हात कागदावर गिरवायचा. चार वर्षांच्या चिमुकल्या पंजापासून लग्नाच्या वर्षापर्यंत सगळे कागद खणाच्या तळाशी एका दोरीत बांधलेले. तिने लग्न केलं ते कॉय नावाच्या सुताराशी. दोघं वर्षाचं मांस डोंगरावरूनच आणायची. कॉय सोलायचा, मार्ला पाठ राखायची, कारण नेम तिचा चांगला.

त्या जुलैमध्ये ती आपल्यासाठी पिस्तूल घ्यायला आली. वेंडेलने चव्वेचाळीसची दोन रिव्हॉल्व्हर काढली. पहिलं तिच्या हातात असं बसलं की जणू तिच्याबरोबरच जन्मलं होतं. दुसऱ्याची मूठ जराशी जाड होती, पण चापाभोवतीची कडी मोठी. मार्लाने माझ्या फळीवरून एक जाड लोकरी हातमोजा ओढला, घातला आणि दोन्ही बघितली.

"बाबा, या दुसऱ्यात मोज्यासकट बोट जातंय. त्यात अडकतंय."

"जुलैत मोजे? ऊन लागलंय का तुला?"

"शिकार काय जुलैत करतात?"

"पोरी, मी हात मापतो, लोकर मापत नाही. हे दुसरं तुझ्या हाताला अर्धं पेर मोठं आहे. नेम उजवीकडे जाईल."

"पण बाबा, थंडीत..."

"थंडीत मोजा काढायचा. एक सेकंद लागतो."

मी चाळीस वर्षं त्या डोंगरावर शिकार करतोय. ओला मोजा शून्याखाली दहा डिग्रीत बोटांना कसा चिकटतो ते मला पाठ आहे. मी तोंड उघडलं. "वेंडेल, नोव्हेंबरात वरती..."

"लाइल, तू गळ विक."

दुकानातली माणसं हसली. मीही हसलो. मार्लाने एकदा माझ्याकडे बघितलं, मग बापाच्या मनासारखं पहिलं पिस्तूल घेतलं. त्याने किंमत घेतली नाही. लेकीला द्यायला याहून मोठं काही त्याच्यापाशी नव्हतं.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांना एल्क मिळालं. मार्लाने ते फिरवायला, पाय धरायला मदत केली. मोजे रक्ताने भिजले आणि गोठले. मग ती पाठ राखायला उभी राहिली. अस्वल वास काढत वाऱ्याच्या खालच्या अंगाने आलं, कॉय वाकलेला असताना. तिने पिस्तूल उपसलं. बोट कडीत शिरेना. तिने मोजा दातांनी ओढला. तो निघाला, तिने पाच गोळ्या घातल्या आणि पाचही जिथे लागायला हव्यात तिथेच लागल्या. अस्वल मेलं. पण तोवर कॉय त्याच्याखाली संपला होता.

हे तिने शेरीफच्या माणसाला सांगितलं, त्याने गावाला. बापाला तिने काहीच सांगितलं नाही. दफनाच्या दिवशी चर्चच्या तळघरात भाजलेले बटाटे आणि हॅम खात लोक वेंडेलच्या खांद्यावर हात ठेवत होते. "अस्वलाचा वेग काय असतो, ठाऊक आहे ना? कुठलंही पिस्तूल असतं तरी तेच झालं असतं." मीही हेच म्हणालो. काय वाट्टेल ते बोलतो माणूस. पण वेंडेलने ते वाक्य घट्ट धरलं. पुढचे नऊ महिने तो त्याच्यावर जगला. दिवसातून एकदा तरी मला विचारायचा, "कुठलंही असतं तरी तेच झालं असतं, नाही का रे?" आणि मी हो म्हणायचो.

मार्ला दुकानात यायची बंद झाली. रस्त्यात दिसली तर ट्रक न थांबवता जायची. इकडे ग्रेडी आमचा मालक, त्याने काय करावं? दारावर पाटी लावली, 'पिस्तूल घेताना आपले हातमोजे सोबत आणा'. त्या हिवाळ्यात माझी फळी दोनदा रिकामी झाली. पाटीखालून वेंडेल रोज आत यायचा.

मोठ्या कडीचं ते दुसरं रिव्हॉल्व्हर अजून तिथेच होतं. चार गिऱ्हाइकांनी मागितलं. चौघांनाही वेंडेलने "तुझ्या हाताचं नाही" म्हणून परत पाठवलं. त्यातल्या दोघांच्या तरी हाताचं ते होतं.

ऑगस्टमध्ये, भर दुपारी, मार्ला आली. बाहेर रस्त्याचं डांबर वितळत होतं आणि तिच्या उजव्या हातात लोकरी मोजा होता. तर्जनीच्या टोकाला लोकर उसवलेली, दातांनी. दुकानात बर्ल होता. त्याने टोपी काढली आणि बाहेर गेला.

"ते दुसरं आहे अजून?" तिने विचारलं. बापाला नव्हे, मला.

मी उत्तर द्यायच्या आधी वेंडेलने ते काढलं होतं. सवयीने उघडून रिकामं दाखवलं. त्याचा चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. त्याला वाटलं, पोरगी परत आली.

मार्लाने ते मोज्याच्या हाताने उचललं. डोळे मिटले, एल्कच्या मुंडक्यावर रोखलं, डोळे उघडले. लहानपणापासून शिकवलेलं ती विसरली नव्हती.

"सरळ दिसतंय?" वेंडेलने विचारलं.

"दिसतंय."

तिचं बोट कडीत शिरलं. कुठे न अडकता, लोकरीसकट. तिने चाप ओढला. टक्. बोट बाहेर काढलं, पुन्हा घातलं, पुन्हा ओढला. असं तीनदा. मग पिस्तूल काउंटरवर ठेवलं.

"पोरी, बांधून देऊ?"

"नको. मला फक्त बघायचं होतं."

ती गेली. दारावरची घंटा वाजली आणि थांबली. वेंडेल पिस्तुलाकडे बघत उभा होता. मग त्याने माझ्याकडे मान वळवली. त्याला माझ्याकडून काय हवं होतं ते मला कळत होतं. नऊ महिने मी ते देतच आलो होतो.

"लाइल, बोट गेलं ना रे आत? तू बघितलंस?"

"बघितलं," मी म्हणालो. "जुलैतही गेलं होतं."