जड दोर

सकाळी किनाऱ्यावर रापण ओढत होते. समुद्रात सोडलेलं हे लांबलचक जाळं अख्खी वाडी मिळून ओढते आणि दोराला ज्याने हात लावला त्याला मासळीचा वाटा मिळतो. मीही हात लावला. दोर जड लागत होता. पूर्वी असा दोर लागला की बायका आणखी टोपल्या आणायला घरी धावायच्या. आज कुणी हललं नाही.

जाळं वर आलं ते तपकिरी शेवाळाने भरलेलं. कुठल्या परक्या समुद्रातून आलंय कोण जाणे, पण तीन हंगाम झाले, हटत नाही. त्यात चार बांगडे, गुदमरलेले. दोर जड म्हणजे आज घरात कालवण, एवढं या हातांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. आता हातांवरही विश्वास ठेवायचा नाही?

सत्तरीची सरूकाकी टोपलीत शेवाळ भरू लागली.

"काकी, ह्या खंय नेतंस?" मी विचारलं.

"वर टाकतंय. हयच ठेवला तर भरतीबरोबर जातला नि उद्या परत जाळ्यात येतला."

नजर पोचते तिथवर किनारा तपकिरी होता. काकीने दुसरी टोपली भरली आणि माझ्यापुढे ठेवली.

"दोराक हात लावलंस मा? ह्यो घे तुझो वाटो."