खड्ड्याचं पाणी

लहानीबाई पाणी सांडणाऱ्या माणसाचं तोंडसुद्धा पाहत नसे. पाहुण्याने अर्धा पेला पिऊन उरलेलं अंगणात फेकलं, की त्याला दुसऱ्यांदा चहा मिळायचा नाही. आणि अशा बाईच्या वाट्याला काम काय यावं, तर रोज भरलेले दोन हंडे जमिनीत ओतायचं.

शहापूरहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पेट्रोल पंप आहे. तिथे ती चार वर्षं झाडलोट करत होती. तिचं गाव पंपामागच्या टेकाडावर, वीसेक घरांचं. पावसाळ्यात भात आणि नाचणी, दिवाळीनंतर मजुरी, आणि होळी झाली की पाण्यामागे पायपीट, हा गावाचा वर्षाचा क्रम. मुंबईला पाणी पाजणारी धरणं याच तालुक्यात. धरण उशाला अन् कोरड घशाला, ही म्हण इथल्या बायकांना कुणी शिकवावी लागत नाही.

गेल्या दिवाळीला मालकाने पंपाच्या एका कोपऱ्यात विजेच्या गाड्यांसाठी चार्जिंगचं मशीन बसवलं. ते लावायला कल्याणहून एक चष्मेवाला इंजिनिअर आला होता. त्याने मागच्या कुंपणाजवळ पुरुषभर खड्डा खणून घेतला, त्यात तांब्याचा पत्रा उभा केला, कोळसा आणि मीठ भरलं, एक जाड तार मशीनपर्यंत नेली आणि वर पाणी घालायला पाइपाचं तोंड ठेवलं. पंपाचा मॅनेजर ज्ञानेश्वर तेव्हा फोनवर बोलण्यात गुंग होता. ऐकायला कुणीच नाही म्हणून इंजिनिअरने सगळं लहानीलाच समजावलं.

"मावशी, मशीनमध्ये कधी वीज फुटली, तर ती या तारेने जमिनीत उतरेल. पण जमीन ओली हवी. कोरडी जमीन वीज घेत नाही."

"मंग ती जाईल कुठं?"

"मशीनला हात लावील त्याच्यातून."

लहानीने पदर तोंडाला लावला. तो म्हणाला, "घाबरू नका. रोज दोन हंडे घाला, काही होत नाही."

शाळेत ती दुसरीपर्यंतच गेलेली, पण ही गोष्ट तिला एका फटक्यात कळली. सगळा पंप चालवणाऱ्या शिकल्यासवरल्या माणसांत ती तिला एकटीलाच कळली, आणि पुढचा सगळा घोळ तिथेच आहे. न कळती तर बाई सुखात राहिली असती.

फाल्गुन सरेपर्यंत तिने इमानाने दोन हंडे घातले. मग पंपाची बोअर आटली आणि टँकर सुरू झाला. ज्ञानेश्वर मोजूनमापून पाणी द्यायचा, तरी खड्ड्याचे दोन हंडे त्याने कापले नाहीत. इकडे टेकाडावर तिची सून शीतल नऊ महिन्यांची पोर पाठीला बांधून ओहोळात उतरायची, वाळूतल्या खड्ड्यातून वाटीवाटीने पाणी काढायची. एक हंडा भरायला दीड तास. मुलगा किशोर पडघ्याच्या गोदामात कामाला, आठवड्याने घरी यायचा. एका सकाळी पोर तापाने फणफणली आणि घरात तिचं अंग पुसायलाही पाणी नव्हतं. त्या दिवशी लहानी भरला हंडा घेऊन पाइपाशी उभी राहिली आणि तिचे हात पुढे होईनात. ज्या जमिनीला गवताची काडी नाही, तिला पाजायचं आणि नातीला तहानलेली ठेवायची?

तिने कुंपणावरून शीतलला हाक मारली. "घे गो. पंपाचं उरलेलं हाय."

पहिला आठवडा एक हंडा खड्ड्याला, एक घरी. रामनवमीनंतर दोन्ही घरी. खड्ड्यावर ती तांब्याभर शिंपडायची, तेही मनाची समजूत म्हणून.

आठ दिवसांत मशीनवर लाल दिवा लागला. गाडीवाले यायचे, वायर लावायचे, दिवा पाहून चडफडत निघून जायचे. आता आपल्याला विचारणार, म्हणून लहानी दिवसभर ऑफिससमोरच झाडत राहिली. पण ज्ञानेश्वरने तिला काही विचारलंच नाही. त्याने वायरमन चंदरला बोलावलं. चंदर पंधरा मिनिटं मशीनचं झाकण उघडून बसला, पान थुंकला आणि निघून गेला. दिवा हिरवा झाला, तो झालाच. लहानीने देवीला नारळ कबूल केला. कोरडी जमीनही वीज घेते तर, इंजिनिअरचं आपलं काहीतरीच, असं म्हणत तिने तो महिना काढला.

मग ते कुत्रं मेलं.

माळशेजकडे निघालेल्या एका कुटुंबाने मशीनपाशी गाडी लावली. गाडीतल्या बाईने बाटलीतल्या पाण्याने तिथेच तोंड धुतलं. मशीनच्या पायाशी ओल झाली. गाडी गेल्यावर पंपावरचं तांबडं कुत्रं ते पाणी चाटायला आलं. चाटता चाटता त्याची पाठ मशीनच्या पत्र्याला टेकली आणि ते जागच्या जागी आडवं झालं. केकाटलंसुद्धा नाही. दहा पावलांवर झाडू घेऊन लहानी उभी होती.

"गाडीखाली आलं असंल," ज्ञानेश्वर म्हणाला. "ओढून टाक तिकडं."

तिने कुत्र्याला पायाला धरून ओढलं नाही. एक लाकूड आणलं आणि त्याने ढकलत नेलं. नोकरी जाईल, पाणी जाईल, गावात चोर म्हणून नाव होईल, हे सगळं तिने ढकलता ढकलता मोजलं. तरी ती ऑफिसच्या दारात जाऊन उभी राहिली. चंदरही तिथे चहा पीत बसला होता.

"भाऊ, म्या खड्ड्यात पाणी घातलं नाय. दीड महिना झाला. घरी नेलं. मशीनमदी वीज फुटलीय. माणूस मरंल."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चंदर हसत सुटला.

"मावशी, त्या खड्ड्याची तार म्या कवाच काढली. लाल दिवा लागायचा ना, म्हणून दुसरीकडून एक तुकडा जोडून दिलाय. मशीनला वाटतं खड्डा हाय. आता तू गंगा आणून ओतलीस तरी काय फरक नाय."

"मंग परत जोड ना रे ती तार. म्या पाणी घालते."

"जोडली की दिवा लाल. मालक कुनाचं डोकं खाईल? तुझं का माझं?"

ज्ञानेश्वर तसा वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "लहानीबाई, चोरून कशाला नेलंस? विचारायचं. आता दोन्ही हंडे रोज घरी ने, माझी परवानगी." आणि त्याने तिच्यापुढे चहा सरकवला.

शिक्षा मिळाली असती तर तिला हलकं वाटलं असतं. मिळाले दोन हंडे. त्या संध्याकाळी शीतलने पोरीला मनसोक्त आंघोळ घातली. पोर खिदळत होती, आणि लहानीने त्या पाण्याचा घोटही घेतला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने मशीनपाशीच ठाण मांडलं. पंक्चरवाल्याकडून टायरचा जाड तुकडा आणला, त्यावर उभी राहायची आणि गाडी आली की पुढे व्हायची. "तुमी नका हात लावू. मी लावते." वायर तीच लावायची, तीच काढायची. कुणाला जायचंच असेल तर आपण जाऊ, पाप आपलं आहे, असा तिचा सरळ हिशेब. गाडीवाल्यांना वाटायचं, काय तत्पर बाई आहे. कुणी तिचा फोटो काढला, कुणी चांगला शेरा लिहिला. शेरे वाचून मालक खूश झाला आणि झाडूवालीला निळा युनिफॉर्म मिळाला. गावातल्या बायका म्हणायच्या, लहानीचं नशीब उघडलं. ती नुसती मान हलवायची.

ज्येष्ठाच्या अखेरीस ज्ञानेश्वर म्हणाला, "मालकाच्या शहापूरच्या सुपरमार्केटसमोर दुसरं मशीन लागलंय. तिथं बाईमाणूसच पायजे म्हणतात. तुझ्या सुनेला मी सांगून टाकलं. उद्यापासून जाईल."

"मशीन कुनी लावलं?"

"चंदरनं. दुसरा कोन हाय?"

ती तशीच चंदरच्या दुकानात गेली. तिथे खड्डा खणलास का, एवढंच विचारलं. चंदर म्हणाला, "सगळा कोबा हाय मावशी. खणू कुठं? हितल्यासारखंच करून दिलंय."

घरी येईपर्यंत शीतलने मालकाने धाडलेला नवा युनिफॉर्म अंगाला लावून पाहिला होता. लहानीने नको म्हटलं, पण का नको ते तिच्या तोंडून निघेना. सांगायचं म्हणजे नातीचा उन्हाळा ज्या पाण्यावर निभावला, ते कुठलं, हेही सांगावं लागणार होतं. शीतलला वाटलं, सासूला सुनेचं बरं बघवत नाही. सकाळी ती पोर शेजारच्या रंभाकडे ठेवून पहिल्या एसटीने गेली.

लहानीचं त्या दिवशी पंपावर लक्ष नव्हतं. संध्याकाळी ती फाट्यावर जाऊन उभी राहिली, आणि शीतल एसटीतून उतरलेली दिसली तेव्हा तिला रडूच आलं. घरी गेल्यावर शीतल पोरीला मांडीवर घेऊन सुपरमार्केटच्या गमती सांगू लागली. थंडगार हवा, सरकती दारं. मग सहज म्हणाली, "आई, वायर धरली की हाताला जरा मुंग्या येतात. कोपरापर्यंत. व्हईल सवय."

तेव्हा लहानीने काही राखलं नाही. खड्डा, पाणी, काढलेली तार, कुत्रं, सगळं सांगून टाकलं. पोरीच्या डोक्यावरून फिरणारा शीतलचा हात थांबला होता.

"तुमी इतके दिवस वायर लावता," ती म्हणाली. "तुमाला कदी आल्या मुंग्या? खरं सांगा."

लहानी ही गोष्ट आजवर कुणाजवळ बोलली नव्हती. सून घाबरेल, उद्या जाणार नाही, या एका आशेने तिने खरं ते सांगितलं. "पयल्या दिसापासून येतात. टायरवर उभी असते तरी. रोज येतात."

शीतलने लांब श्वास सोडला.

"मंग झालं तर," ती म्हणाली. "मला वाटलं, मलाच आल्या." आणि पोरीला सासूच्या मांडीवर देऊन ती उद्याच्या युनिफॉर्मची घडी घालायला उठली.